इंटरनेटवरील संभाषण आणि सरकारचा कान

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेने आपल्या देशातील उच्चपदस्थांना एक सल्ला दिला. दूरध्वनी कंपन्यांच्या जाळ्यांत परकी हेरांचा शिरकाव झाला आहे, तेव्हा साध्या फोनवर किंवा साध्या संदेशांवर विसंबू नका; बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत सारी वाट कुलूपबंद असते अशीच साधने वापरा, असा त्याचा आशय होता. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु ज्या सरकारने तो दिला, त्याच सरकारचे न्यायखाते आणि एफ. बी. आय. ही तपासयंत्रणा गेली तीस वर्षे या कुलुपांविरुद्ध गाऱ्हाणे मांडीत आली आहेत. गुन्हेगारांचे बोलणे आम्हांला ऐकता आले पाहिजे, त्यासाठी प्रत्येक कंपनीने आपल्या यंत्रणेत आमच्यासाठी एक दार ठेवले पाहिजे, ही त्यांची मागणी. चीनशी संबंधित असल्याचा आरोप असलेले हे हेर जेथे पोहोचले, त्यांत न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी मागविलेली काही माहितीही होती, हे अमेरिकी सरकारला नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिकृतपणे कबूल करावे लागले. चीनने आरोप नाकारला आहे. तो कितपत खरा हा प्रश्न येथे गौण आहे. दार पोलिसांसाठी ठेवले होते आणि पाहुणे दुसरेच आले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

हा दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडेही इंटरनेटवरून होणारे बोलणे ऐकण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतलेला आहे, आणि तो अमेरिकेतल्यापेक्षा किती तरी सैल नियमांखाली वापरला जातो. म्हणून या प्रश्नाची मुळातून चर्चा करणे अगत्याचे आहे.

जुन्या दूरध्वनीची व्यवस्था सरळ होती. ग्राहकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तारेची एक जोडी येई, आणि संभाषण चालू असेपर्यंत दोन टोकांमधला मार्ग त्या दोघांसाठीच राखून ठेवलेला असे. पोलिसांनी एक्स्चेंजमध्ये जाऊन त्या जोडीला आपली तार जोडली की काम झाले. इंटरनेटवरील दूरध्वनीत असा राखीव मार्ग नसतो. आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, त्या आकड्यांची लहान लहान पाकिटे केली जातात, आणि ती पत्रपेटीत टाकलेल्या पाकिटांसारखी आपापल्या वाटेने मुक्कामाला जातात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोन माणसांची गाठ घालून देणारी कंपनी आणि प्रत्यक्ष आवाज वाहून नेणारी कंपनी या बहुधा वेगळ्या असतात. ‘अमक्याला तमक्याशी बोलायचे आहे’ हा निरोप एका कंपनीच्या संगणकाकडे जातो. गाठ पडल्यावर आवाजाची पाकिटे त्या संगणकाला वगळून परस्पर जाऊ शकतात. २००३ साली सुरू झालेल्या स्काइपने तर मध्यवर्ती एक्स्चेंज ही कल्पनाच जवळजवळ निकालात काढली होती. ग्राहकांचे संगणकच एकमेकांचे एक्स्चेंज बनत. (मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सेवा बंद केली, पण तिने घालून दिलेला पायंडा राहिला.) अशा ठिकाणी पोलिसांनी आपली तार जोडावी कोठे? भरीला आवाज कूटबद्ध असला, म्हणजे दोन टोकांखेरीज कोणालाही न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात असला, तर वाटेत पाकिटे हाती लागूनही उपयोग नाही.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९९४ साली जो कायदा केला तो या जगाचा विचार करून केलेला नव्हता. संगणकीकृत एक्स्चेंज आणि मोबाइल फोन यांमुळे पोलिसांना ऐकणे अवघड होऊ लागले होते, म्हणून दूरध्वनी कंपन्यांनी आपली यंत्रे मुळातच ऐकण्याजोगी बांधावीत असे त्या कायद्याने फर्मावले. जुनी यंत्रे बदलण्यासाठी पन्नास कोटी डॉलरपर्यंतची भरपाईही मान्य केली. मात्र ‘माहिती-सेवा’ म्हणजे इंटरनेट यातून वगळले. ही सवलत अनवधानाने राहिलेली फट नव्हती. एका नव्या उद्योगावर पोलिसांच्या सोयीचे ओझे लादू नये, असा तो जाणीवपूर्वक केलेला सौदा होता, आणि तो झाला म्हणूनच कायदा मंजूर झाला.

दहा वर्षांनी, मार्च २००४ मध्ये, न्यायखाते, एफ. बी. आय. आणि अमली पदार्थविरोधी खाते यांनी तेथील दळणवळण आयोगाकडे अर्ज केला, की हा कायदा इंटरनेटलाही लावावा. नवा कायदा मागण्यासाठी ते काँग्रेसकडे गेले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या शब्दांत नवा अर्थ भरण्याचा मार्ग त्यांनी निवडला, आणि २००५ मध्ये आयोगाने तो मान्य केला. वेगवान इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या, आणि साध्या फोनवर लावता येतात व साध्या फोनवरून घेता येतात अशा इंटरनेट-कॉलची सेवा देणाऱ्या कंपन्या, या दोहोंनी १४ मे २००७ पर्यंत पोलिसांसाठी सोय करावी असा हुकूम झाला. विद्यापीठे हबकली. प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे जाळे असते. ते सारे नव्याने बांधायचे तर किमान सात अब्ज डॉलर लागतील असा त्यांचा हिशेब होता. शिक्षणसंस्थांची परिषद न्यायालयात गेली. जून २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी आयोगाचा निर्णय कायम ठेवला. विद्यापीठांच्या खाजगी जाळ्यांना मात्र कायदा लागू नाही एवढा दिलासा मिळाला. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती हॅरी एडवर्ड्स यांनी तर सुनावणीतच सरकारी युक्तिवादाची निरर्थक बडबड म्हणून संभावना केली होती. ज्या सेवेला कायद्याने नावानिशी वगळले, तिला आयोग आत कसा ओढतो, हा त्यांचा साधा प्रश्न होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

तंत्रज्ञांचा विरोध वेगळ्या पायावर उभा होता. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाने मे २००० मध्येच जाहीर केले होते, की आमच्या नियमांत चोरून ऐकण्याच्या सोयीचा विचार आम्ही करणार नाही. २००६ मध्ये व्हिंट सर्फ, व्हिटफील्ड डिफी, सुसान लँडाऊ प्रभृतींनी इंटरनेट-दूरध्वनीला १९९४ चा कायदा लावण्याचे धोके एका अहवालात मांडले. सर्फ हे इंटरनेटच्या मूळ शिल्पकारांपैकी एक. डिफी हे आजच्या कूटशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी. म्हणजे ही मंडळी केवळ नागरी स्वातंत्र्याची चळवळ करणारी नव्हती. पोलिसांसाठी ठेवलेली वाट फक्त पोलिसांनाच वापरता येईल अशी बांधणे आम्हांला येत नाही, असे ते सांगत होते.

त्यांचे म्हणणे खरे ठरल्याचा पुरावा त्याच वर्षी पुढे आला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रीसच्या सरकारने जाहीर केले, की पंतप्रधान कोस्तास करामानलिस, त्यांचे काही मंत्री, अथेन्सच्या महापौर आणि इतर मिळून शंभरावर व्यक्तींचे मोबाइल फोन कित्येक महिने कोणी तरी ऐकत होते. २००४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास हे सुरू झाले आणि मार्च २००५ मध्ये उघडकीस आले. ऐकणाऱ्याने नवी यंत्रणा बांधली नव्हती. कायदेशीर श्रवणासाठी एक्स्चेंजच्या यंत्रांत उत्पादकाने जी सोय घातलेली होती, तीच गुपचूप चालू करून घेतली होती. म्हणजे अथेन्समध्ये २००५ साली जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत २०२४ मध्ये घडले.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की दार ठेवूच नये. हा निष्कर्ष इतका सोपा नाही, आणि मुंबईच्या वाचकाला तो सोपा वाटूही नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथे शिरलेले अतिरेकी पाकिस्तानातील आपल्या सूत्रधारांशी बोलत होते, ते इंटरनेट-दूरध्वनीवरूनच. न्यू जर्सीतील कॉलफोनेक्स नावाच्या एका लहानशा कंपनीकडे त्यांनी आगाऊ खाते उघडून ठेवले होते. त्यामुळे मुंबईतल्या मोबाइलवर येणारा क्रमांक पाकिस्तानचा दिसत नसे. खात्यात भरलेली रक्कम काही शे डॉलरची. तिच्यातला एक हप्ता इटलीतील ब्रेशिया शहरातून आलेला. खाते उघडणाऱ्याने नाव सांगितले होते खरकसिंग. (योगायोग असा, की पोलिसी पाळतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि १९६२ च्या निकालामुळे कायद्याच्या पुस्तकांत कायमचे जाऊन बसलेल्या नागरिकाचे नावही खरकसिंगच होते.) मुंबई पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने ही संभाषणे त्या रात्रीच टिपली. कराचीतला आवाज मुंबईतल्या बंदुकीला कोणाला केव्हा मारायचे ते सांगत होता, हे जगाला त्या ध्वनिमुद्रणामुळे कळले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात त्या संभाषणांचा सविस्तर आधार घेतला आहे. ते मुद्रण नसते तर कट सीमेपलीकडे रचला गेला हे सिद्ध करणे कितीतरी कठीण झाले असते.

तेव्हा श्रवणाची गरज नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. पण हे ऐकणे कोठे झाले, ते नीट पाहिले पाहिजे. ते न्यू जर्सीत झाले नाही, कॉलफोनेक्सच्या संगणकातही झाले नाही. संभाषणाचे एक टोक मुंबईत साध्या मोबाइल फोनवर होते. त्या मोबाइल कंपनीमार्फत, जुन्याच पद्धतीने, ते ऐकले गेले. इंटरनेट-कंपनीकडून नंतर मिळाली ती खात्याची नोंद: कोणत्या नावाने उघडले, पैसे कोठून आले, कोणते क्रमांक घेतले. एफ. बी. आय. ने ती मिळवून भारतीय न्यायालयापुढे ठेवली. पत्र न फोडता पाकिटावरील पत्ता आणि मनीऑर्डरची पावती पाहून केलेला हा तपास होता, आणि त्यासाठी साऱ्या इंटरनेटमध्ये दारे पाडण्याची आवश्यकता पडली नाही.

या प्रकरणाला आणखी एक अंग आहे, आणि ते अधिक खेदजनक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील प्रोपब्लिका आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी प्रसिद्ध केले, की लष्करचा तंत्रप्रमुख झरार शाह याच्या संगणकावरील हालचाली ब्रिटिश हेरखाते हल्ल्यापूर्वीच टिपत होते. इंटरनेट-दूरध्वनीची जुळवाजुळव हा त्याच हालचालींचा भाग होता. भारतीय आणि अमेरिकी यंत्रणांजवळही निरनिराळे तुकडे होते. तिन्ही देशांजवळ मिळून चित्र पुरे होण्याइतके नाही तरी सावध होण्याइतके साहित्य होते. पण ते एकत्र करून वाचायला कोणी बसले नाही. १६६ माणसे मेली ती कानांच्या अभावी मेली असे म्हणवत नाही.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक परिचित गोष्ट दिसते. एखादी वस्तू स्वस्त झाली की तिची मागणी वाढते. आणि जिचा खर्च वापरणाऱ्याला द्यावाच लागत नाही, तिच्या मागणीला तर सीमाच राहत नाही. जुन्या काळी फोन ऐकायचा म्हणजे माणसे बसवावी लागत, फिती बदलाव्या लागत, नोंदी कराव्या लागत. अमेरिकेत फौजदारी तपासातील एका श्रवण-आदेशाचा सरासरी खर्च या शतकाच्या आरंभी पन्नास-साठ हजार डॉलरच्या घरात होता, आणि त्यातील मोठा भाग माणसांच्या वेतनाचा होता. तेव्हा पोलीस अधिकारी दहा वेळा विचार करी. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती अलिटो यांनी २०१२ मधील एका निकालात याच अर्थाचे निरीक्षण केले आहे, की संगणकपूर्व काळात माणसाच्या खाजगीपणाचे खरे रक्षण घटनेने किंवा कायद्याने होत नसून व्यावहारिक अडचणींमुळे होत असे. सरकारने कंपन्यांच्या यंत्रांतच दार ठेवून घेतले की ही अडचण नाहीशी होते. एकदा दार बांधले की पुढल्या प्रत्येक श्रवणाचा वाढीव खर्च शून्याकडे झुकतो. बांधणीचा खर्च कंपनी करते, कंपनी तो ग्राहकाच्या बिलात घालते, आणि सरकारी तिजोरीला त्याची झळ लागत नसल्याने विधिमंडळात त्यावर एक प्रश्नही विचारला जात नाही. १९९४ च्या कायद्यात निदान भरपाईचा आकडा होता. २००५ च्या विस्तारात इंटरनेट-कंपन्यांना तेवढेही मिळाले नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च सोसतो. चार-सहा तरुणांनी सुरू केलेल्या नव्या उद्योगाला तो व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वीच भोवतो. तेव्हा जुन्या बड्या कंपन्यांना अशा हुकुमाचे वाईट वाटत नसेल, तर त्यात नवल नाही.

आपल्या देशात काय घडते ते पाहिले म्हणजे हा विचार केवळ पुस्तकी नाही हे पटेल. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ च्या अहवालात, माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तराच्या आधारे, असे नमूद केले की केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० श्रवण-आदेश काढते. राज्य सरकारांचे आदेश यात नाहीत. या आदेशांची छाननी करणारी समिती दोन महिन्यांतून एकदा भरते. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. बैठक आठ तास अखंड चालली, कोणी चहालाही उठले नाही असे धरले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेत २००४ मध्ये, जेव्हा एफ. बी. आय. इंटरनेटसाठी अर्ज करीत होती, फौजदारी तपासासाठी केंद्र व राज्ये मिळून वर्षभरात १,७१० श्रवण-आदेश निघाले होते. राष्ट्रीय सुरक्षेचे गुप्त आदेश तेथे वेगळे मोजतात, म्हणून ही तुलना अगदी समतोल नाही हे मान्य. पण त्या आकड्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे: तो आपल्याला ठाऊक आहे. किती आदेश, कोणत्या गुन्ह्यासाठी, किती खर्च आला, किती जण पकडले गेले, किती दोषी ठरले, हे सारे अमेरिकेत दरवर्षी छापून प्रसिद्ध होते. भारतात असा वार्षिक अहवालच निघत नाही. आपण ज्या आकड्याची चर्चा करतो तो एका अर्जाच्या उत्तरातून निसटून बाहेर आलेला आकडा आहे.

दुसरा फरक अधिकाराचा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापासून फौजदारी तपासातील श्रवणास न्यायाधीशाचा आदेश लागतो. तपासाचे इतर मार्ग खुंटले आहेत किंवा निष्फळ ठरतील हे त्याला पटवावे लागते, आदेश तीस दिवसांचा असतो, आणि काम संपल्यावर ज्याचे ऐकले त्याला यथावकाश कळवावे लागते. भारतात न्यायाधीश या व्यवहारात कोठेच नाही. केंद्रात किंवा राज्यात गृहसचिव आदेश देतो, सचिवांचीच समिती तो तपासते. ज्याचे ऐकले त्या माणसाला आयुष्यात ते कळत नाही. फिर्याद गुदरली आणि पुराव्यात मुद्रण आले, तरच कळते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या अर्जावर निकाल देताना फोन ऐकणे हा खाजगीपणावर गंभीर आघात आहे असे म्हटले, पण न्यायाधीशाची परवानगी आवश्यक करण्याचे टाळले आणि सचिव व समिती यांची व्यवस्था घालून दिली. ती तात्पुरती सोय २००७ च्या नियमांत कायम झाली आणि नव्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमांतही मुख्यतः तशीच उतरली आहे. मधल्या काळात, २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालाच्या प्रकाशात ही व्यवस्था टिकते काय, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

आपल्या मुंबईला या विषयाचा इतिहास जुना आहे. येथील एका कॉरोनरने लाच मागितल्याच्या प्रकरणात पोलिसांनी डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला मुद्रणयंत्र जोडले होते, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. तेथे संभाषणातील एका पक्षाची संमती होती. दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसताना ऐकणे ही निराळी गोष्ट. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे दहा लाखांच्या कथित लाचेचे असेच एक प्रकरण आले. १८८५ च्या तार कायद्यातील अट अशी की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काही तरी पणाला लागलेले असावे. लाचेच्या आरोपात तसे काही दिसत नाही, असे म्हणून न्यायालयाने तिन्ही श्रवण-आदेश रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. सर्व उच्च न्यायालयांचे मत असेच नाही. लाचखोरीही सार्वजनिक सुरक्षिततेला धोका होऊ शकते, असा दुसरा पक्ष आहे, आणि लाच खाणाऱ्याविषयी सहानुभूती नसलेल्या वाचकाला तो आकर्षक वाटेल. पण मग सार्वजनिक सुरक्षितता या शब्दांबाहेर उरते काय? राजकीय नेत्यांचे फोन ऐकल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई येथे गुन्हे नोंदले गेले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या आरोपांचे खरेखोटे येथे ठरवायचे नाही. असा आरोप झाला तर पडताळून पाहण्याचे साधन नागरिकाजवळ काही नाही, एवढाच मुद्दा.

आता इंटरनेटकडे परत येऊ. भारतात इंटरनेट-दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली ती एप्रिल २००२ मध्ये. त्यावर होणारे बोलणे ऐकण्याचा अधिकार मुख्यतः माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमातून येतो. हे कलम आजच्या रूपात संसदेने मंजूर केले ते डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे मुंबईवरील हल्ल्यानंतर महिनाभरात, आणि जवळजवळ चर्चेविना. त्या वेळचे वातावरण पाहता खासदारांना फार दोष देता येणार नाही. पण मंजूर झाले ते काय? तार कायद्यातील आणीबाणीची किंवा सुरक्षिततेची अट या कलमात नाही. उलट ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण पुरेसे ठरविले आहे. कूटबद्ध माहिती उलगडून देण्यास मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्राने दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकार दिले. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने एक गोष्ट निदान स्पष्ट ठेवली आहे: ग्राहकाने स्वतः लावलेले कुलूप उघडण्याची जबाबदारी, किल्ली कंपनीजवळ नसेल तर, कंपनीवर नाही. आपल्याकडे असे आश्वासन नाही. व्हॉट्सॅपने २०१६ पासून आपले कॉल व संदेश पूर्णतः कूटबद्ध केले आहेत. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले तेव्हा ती कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि कूटलेखन मोडावयास लावाल तर आम्हांला येथून जावे लागेल असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. धमकी म्हणून ते ऐकले तर राग येणे स्वाभाविक आहे. पण एका देशासाठी केलेली किल्ली इतरांच्या हाती पडत नाही असे समजण्यास अथेन्स आणि वॉशिंग्टन येथील अनुभवानंतर कोणता आधार उरला आहे?

मग पोलिसांनी करावे काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की त्यांनी खाते, पैसा आणि टोके यांचा माग घ्यावा, जसा कॉलफोनेक्सच्या बाबतीत घेतला गेला; आणि ऐकणे अपरिहार्य असेल तेथे न्यायाधीशापुढे जाऊन, त्या एका माणसाच्या एका यंत्रापुरती परवानगी मागावी. हा मार्ग महाग आहे. तो महाग असावा हेच योग्य, कारण त्यामुळे निवड करावी लागते. बांधणीचा व श्रवणाचा खर्च कंपन्यांवर न ढकलता अर्थसंकल्पात दाखवावा. म्हणजे निदान वर्षातून एकदा लोकप्रतिनिधींपुढे तो आकडा येईल. आणि किती आदेश निघाले, कोणत्या कारणांसाठी, त्यांतून किती खटले उभे राहिले, याचा अहवाल संसदेपुढे व विधानसभांपुढे ठेवावा. व्यक्तींची नावे कोणी मागत नाही. अमेरिकेत असा अहवाल अर्धशतकाहून अधिक काळ निघत आहे आणि त्यामुळे तेथील गुन्हेगारांचे काही विशेष भले झाल्याचे ऐकिवात नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा मोडीत काढला, तेव्हा ही दुरुस्ती करण्याची संधी होती. त्यात ‘संदेश’ या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत आहे, की चिन्ह, आवाज, चित्र, माहितीचा प्रवाह, सारे तिच्यात येते. व्हॉट्सॅपसारख्या सेवा या कायद्याखाली येत नाहीत असे मंत्रिमहोदयांनी सांगितले आहे. पण मंत्र्यांचे निवेदन हा कायदा नव्हे. व्याख्येतून त्या सेवा वगळल्याचा शब्द कोठे आढळत नाही. निवेदन खरे मानले तर साताऱ्याहून नाशिकला साध्या फोनवरून केलेले बोलणे ऐकण्यास गृहसचिवाला आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता दाखवावी लागेल, आणि त्याच दोन माणसांनी तेच शब्द इंटरनेटवरून उच्चारले तर कोणत्याही लहानसहान गुन्ह्याचा तपास एवढे कारण पुरेल. कारखान्यातल्या एकाच मालावर दोन दरांनी अबकारी लावली तर व्यापारी मंडळे दुसऱ्याच दिवशी मंत्रालयावर जातात. येथे पंधरा वर्षांहून अधिक काळ दोन दर चालू आहेत.